जगाच्या शेवटच्या दिवशीचं लग्न

“रिबे, रडायचं असंल तर आत्ता रडून घे. एकदा पावडर लावली की मग नाही. गालावरनं ओहोळ दिसतील, आणि तुझी सासू बारीक नजरेची बाई आहे.”

एस्तेरआत्या माझ्या केसांत पिना खुपसत होती. मी आरशात बघायचं सोडून दाराकडं बघत होते. दारात दादांच्या वहाणा नव्हत्या. माझे वडील उजाडायच्या आतच घरातून निघून गेले होते. अंगात पांढरा सदरा, खाली पांढरं धोतर, काखेत बायबल. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, “पोरी, आज दिवस मावळायच्या आत सगळ्यांचाच निकाल लागणार. लग्न कसलं घेऊन बसलीस? तू पण चल माळावर.”

माझं लग्न जगाच्या शेवटच्या दिवशी आलं, त्याला मी काय करणार? तारीख आधी आम्ही धरली होती. पाळकसाहेबांनी चर्चमध्ये तीन रविवार आमच्या लग्नाची जाहिरात वाचली, कुणाची हरकत आहे का म्हणून विचारलं, तेव्हा एकानंही चकार शब्द काढला नव्हता. आणि त्यानंतर आमच्या धोंडटाकळीत ब्रदर मलाखी आले.

माणूस लबाड नव्हता हो. उगाच कुणाला बोल कशाला लावू? ताडासारखा उंच, खप्पड गालांचा, स्वतः दोन दोन दिवस उपाशी राहणारा. संध्याकाळी वस्तीत कंदील लावून बायबलातलं दानिएल आणि प्रकटीकरण उघडायचा आणि बोलायला लागला की म्हाताऱ्या बायांची पाचावर धारण बसायची. त्यानं हिशोब मांडून सांगितलं की प्रभू येशू न्याय करायला परत येणार तो अमुक दिवशी, सूर्य मावळायच्या आत. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी आपली पापं कबूल करावीत, पांढरे कपडे घालावेत, आणि त्या दिवशी अन्नपाण्याला न शिवता पाखरमाळावर जाऊन बसावं. दिवस नेमका माझ्या लग्नाचा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण साक्षात जगाचा शेवट आडवा आलेला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या लग्नात ऐकला नाही मी!

अर्धी ख्रिस्ती वस्ती त्याच्या नादी लागली. शेवगावच्या बाजारात पांढरं कापड औषधाला उरलं नाही. आत्यानं माझी पांढरी साडी आधीच आणून ट्रंकेत ठेवली होती म्हणून बरं, नाहीतर गुलाबी नेसून उभं राहायची वेळ आली असती.

“लग्न पुढं ढकलू या का?” असं पाळकसाहेबांनी एकदा भीत भीत विचारलं. आत्या चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

“कशापायी? प्रभूला यायचं तर येऊ द्या की. आला तर लग्नघरीच येईल. काना गावच्या लग्नाला गेला नव्हता का, आईला घेऊन, पाण्याचा द्राक्षरस केला नव्हता का? रांजण तेवढे भरून ठेवा म्हंजे झालं.”

पण दादांना हसू आलं नाही. दादांना कधीच काही हसू यायचं नाही. आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून पुढं सरकत यायचं. दादांपाशी आलं की दादा मान खाली घालून ते तसंच शेजाऱ्याकडं द्यायचे. द्राक्षरसाचंही तेच. माझी आई वारल्यापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, दादांनी त्या ताटाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. पंचांनी त्यांना मंडळीबाहेर टाकलं होतं म्हणावं तर तसंही नाही. टाकलं होतं ते त्यांचं त्यांनीच. मी लहानपणी एकदा विचारलं, “दादा, तुम्ही का घेत नाही?” तर म्हणाले, “ते चांगल्या माणसांचं असतं गं.” पलीकडं बायकांच्या बाकावर आत्या हे सगळं दर महिन्याला बघायची आणि पदराचं टोक चावत बसायची.

आत्या दादांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला होता. एक मुलगा होता, दाविदू, तो मोठ्या दुष्काळात वारला. मी तेव्हा नगरला मिशनच्या बोर्डिंगात होते, म्हणून मला एवढंच ठाऊक. वर्षभरानं माझी आई गेली आणि त्याच आठवड्यात आत्या तिचं गाठोडं घेऊन आमच्या घरी आली ती कायमची. मला तिनंच वाढवलं. मार दिला तिनंच, आणि लाडही तिनंच केले.

तर अशी लग्नाची सकाळ. दहा वाजता राहुरीहून टेंपो भरून वऱ्हाड आलं. नवरदेव आमोस साळवे, प्राथमिक शाळेचा मास्तर, गळ्यात टाय आवळून उतरला. मांडवात निम्मी माणसं बघून सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मुलीचे वडील कुठं आहेत?”

“माळावर,” आत्या म्हणाली.

“माळावर काय करताहेत?”

“प्रभूची वाट बघताहेत.”

सासूबाईंनी नाकाला पदर लावला. “आम्ही आलेलो दिसत नाही का त्यांना?”

आता आमच्या लग्नात एक रीत असते, ती सांगते. नवरी वेदीपुढं उभी राहिली की पाळक मोठ्यानं विचारतात, “ह्या स्त्रीला ह्या पुरुषाशी लग्नात कोण देतो?” मग मुलीचा बाप म्हणतो, “मी देतो,” आणि तिचा हात नवऱ्याच्या हातात ठेवतो. बाप नसला तर मामा म्हणतो, काका म्हणतो. पाळकसाहेबांनी माझ्या चुलतमामांना तयारही केलं होतं.

मी चर्चच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथंच बसले. पांढऱ्या साडीसकट, धुळीत.

“मी आत येणार नाही,” मी म्हटलं. “माझा बाप जिवंत आहे. ‘मी देतो’ हे दादाच म्हणतील. नाहीतर मला द्यायचीच कुणी गरज नाही.”

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! मामा रुसले. पाळकसाहेब घाम पुसत घड्याळ बघू लागले. सासूबाई म्हणाल्या, “बघ रे आमोस, आत्ताच ही तऱ्हा, पुढं काय करील?” टेंपो जसा आला तसा मागं फिरेल, आणि मी हळदीच्या अंगानं घरी बसेन, हे मला समोर दिसत होतं. पण दादांशिवाय त्या वेदीपुढं जायचं म्हटलं की पायच उचलेना. एकदा का मी त्यांच्या माघारी दिली गेले, तर ते जन्मभर म्हणणार होते की हेही चांगल्या माणसांचं असतं. हे मला तेव्हा असं शब्दांत सांगता आलं नसतं, पण जिवाला कळत होतं.

आमोस माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसला. लग्न ठरल्यापासून आम्ही दोनदाच बोललो होतो.

“किती वेळ बसायचं?” त्यानं हळूच विचारलं.

“ते येईपर्यंत.”

“बरं,” तो म्हणाला, आणि टाय सैल केला. हा माणूस आपला आहे हे मला त्या घटकेला कळलं.

दुपार झाली. मे महिन्याचं ऊन, चर्चचे पत्रे तापून कडकड वाजायला लागले. जेवण तयार होऊन पडलं होतं, पण लग्नाआधी पंगत कशी बसवायची? ऊन थोडं कललं तेव्हा आत्या पदर खोचून उठली.

“मटण आंबून जाईल. गाडी जुंपा!”

“कुठं निघालात?” पाळकसाहेब दचकले.

“बोलावलेली माणसं आली नाहीत, तर पंगत त्यांच्याकडं न्यायची. रस्सा, भाकरी, लापशी, सगळं चढवा. पाण्याचं पिंप आधी. सकाळपासून उन्हात तहानलेली बसलीत ती. म्हाताऱ्या आहेत त्यांच्यात. प्रभू यायच्या आधी त्याच त्याच्याकडं पोचायच्या!”

गाडीवान माळावर होता, पांढऱ्या कपड्यांत. तेव्हा कासरा आमोसनं धरला. सासूबाई ओरडल्या, “अरे, नवरदेव गाडी हाकणार?” पण तोवर बैल वाटेला लागले होते. मी पातेल्यांच्या मधोमध उभी, पिंपाला धरून. डोक्यावरची नवरीची पांढरी जाळी वाऱ्यावर उडत होती.

पाखरमाळाच्या चढणीला लागलो तसा धुरळा उठला. सूर्य आमच्या पाठीशी उतरलेला. वरच्या लोकांना बैल दिसत नव्हते, गाडी दिसत नव्हती. धुळीच्या सोनेरी लोटातून काहीतरी पांढरंशुभ्र, हेलकावे खात, वर वर चढत येताना दिसत होतं एवढंच.

“आला!” तान्हूमावशीची किंकाळी मी खालून ऐकली. “आला गं बाई, प्रभू आला!”

सगळा माळ गुडघ्यांवर आला. कुणी रडतंय, कुणी हात वर करून ओरडतंय, कुणी कपाळ जमिनीला टेकवलंय. ब्रदर मलाखी दोन्ही हात पसरून उभे, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“अगं तान्हूमावशे, कुठला प्रभू!” मी ओरडले. “मी आहे, रिबी! जखऱ्याची रिबी!”

मग बैलांची शिंगं वर आली, आणि पाठोपाठ रश्श्याचा वास. मग एक पोरगी खुदकन हसली आणि तिच्या आईनं तिला चापट मारली.

दादा गुडघ्यांवर नव्हते. सगळ्यांपासून लांब, एका खडकाशी, तोंड पलीकडं करून बसले होते. प्रभू आला अशी हाकाटी झाली तेव्हाही त्यांनी वळून बघितलं नव्हतं. डोळे घट्ट मिटून, खांदे आवळून, पाठीवर रट्टा बसायची वाट बघत असल्यासारखे ते बसले होते.

आत्या गाडीतून खाली उतरली, तिच्यामागं मी. ताटलीत भाकरी घेतली, वर रस्सा वाढला आणि सरळ त्यांच्यापुढं जाऊन बसली.

“जखू, जेव.”

“अक्का, तू जा इथनं,” दादा डोळे न उघडता म्हणाले. “तू चांगली बाई आहेस. तुला भ्यायचं कारण नाही. माझा न्याय व्हायचाय.”

“कशाचा?”

“माझ्याच तोंडनं वदवून घेतीस?”

“घेते. बोल. सात वर्षं झाली, तुझी वाट बघतीय.”

दादांचा आवाज एवढा बारीक झाला की मला पुढं सरकावं लागलं. “दाराला कडी घातली मी. आत ज्वारीची पोती होती. तू बाहेर उभी राहून हाका मारत होतीस, कडेवर दाविदू तापानं फणफणलेला. आणि मी आतनं म्हणालो, घरात दाणा नाही, पुढं जा.”

ज्या दारातून मी त्या सकाळी नटून बाहेर पडले, ते हेच दार होतं. आणि ज्या बाईनं त्या दारातून मला बाहेर आणलं, ती ही होती.

आत्यानं ताटली तशीच पुढं धरली होती.

“व्हय,” ती म्हणाली. “घातलीस कडी. मी विसरले नाही, आणि विसरायचीही नाही. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते मी, आणि माझं लेकरू माझ्यामागं सावलीला पडल्या पडल्या गेलं. मी तुला असे शाप दिले जखू, असे शाप दिले, की देवानं ऐकले असते तर तू राहिलाच नसतास.”

“मग?”

“मग वर्षानं वहिनी गेली आणि तुझी पोर उघड्यावर पडली. मी तुझ्या दारात आले. तू दार उघडलंस, तुला तोंड वर करता येईना. मी उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या, आणि ते सगळं तिथंच त्यांच्याशेजारी काढून ठेवलं. आत आले ते रिकामी होऊन आले. तुला काय वाटलं, मनात विष ठेवून मी तुझ्या भाकरी थापत होते?”

दादांनी डोळे उघडले. कितीतरी वर्षांनी ते तिच्याकडं सरळ बघत होते.

“तुझा न्याय कुणी करायचा?” आत्या म्हणाली. तिचा आवाज आता सगळ्या माळाला ऐकू जात होता. “एक देवानं, आणि दुसरी मी, जिचं लेकरू गेलं. देवानं केला येशूच्या वधस्तंभावर, तुझं सगळं पाप आपल्या अंगावर घेतलं. मी केला त्या उंबऱ्यात. मग राहिलं कोण? तू? देवानं सोडलं, मी सोडलं, आणि तू एकटा स्वतःला धरून बसलास? देवाहून मोठा न्यायाधीश झालास होय रे, मेल्या?”

“एवढी माफी फुकट कशी गं मिळंल, अक्का?”

“फुकटच असती, म्हणून तर तिला कृपा म्हणायचं. नाहीतर बाजार म्हटलं असतं. आता खा. हात दुखायला लागला माझा.”

दादांनी भाकरीचा तुकडा मोडला. उचलता उचलता रस्सा सदऱ्यावर सांडला, पांढऱ्याफेक सदऱ्यावर लालभडक डाग. त्यांनी तो तुकडा तोंडात घातला आणि चावता चावताच रडायला लागले, लहान मुलासारखे, मोठ्यानं, लाजलज्जा सोडून. आत्यानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मीही रडले. पावडरीचं काय व्हायचं ते झालं.

“अजून सूर्य आहे!” ब्रदर मलाखी धावत आले. “उपास मोडू नका! शेवटची घटका आहे!”

आत्यानं मान वर केली. “ब्रदर, नवरदेव बरोबर असताना वऱ्हाड्यांनी उपास करायचा नसतो, हे मी सांगितलं का? ज्यानं सांगितलं, त्याचीच वाट बघताय ना तुम्ही?”

आणि नवरदेव गाडीच्या जुवावर बसून, सैल टाय लोंबत, तोंडभर हसत होता.

तान्हूमावशी पहिली उठली. “मला पण वाढ गं, एस्तेर. सकाळपासनं जीव चाललाय माझा.” मग काय विचारता! माळावरची सगळी माणसं गाडीभोवती जमली. पाणी, भाकरी, लापशी. जगाचा शेवट बघायला आलेली माणसं बोटं चाटत हाडूक चोखायला लागली.

खाली उतरताना दादा माझ्याशेजारी गाडीत बसले होते. कुणीतरी उपकारस्तुतीचं भजन धरलं, कुणी पातेल्यावर ताल धरला, आणि पांढऱ्या कपड्यांतलं ते अख्खं वऱ्हाड गात गात माळ उतरलं. सूर्य कधी मावळला, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

चर्चमध्ये गॅसबत्त्या लावल्या होत्या. सकाळी रिकामे असलेले बाक गच्च भरले, लोक खिडक्यांत उभे राहिले. पाळकसाहेबांनी विचारलं, “ह्या स्त्रीला ह्या पुरुषाशी लग्नात कोण देतो?”

दादा पुढं आले. सदऱ्यावर रश्श्याचा डाग. मग मागं वळले, बायकांच्या बाकांकडं गेले आणि आत्याचा हात धरून तिला ओढतच वेदीपाशी घेऊन आले.

“आम्ही देतो,” दादा म्हणाले. “मी, आणि माझी बहीण एस्तेर.”

सासूबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनीच सगळ्यात आधी डोळ्यांना पदर लावला. नाकाला नव्हे.

रात्री पंगत उठत आली तेव्हा ब्रदर मलाखी मांडवाच्या कडेला येऊन उभे राहिले. एकटे. अंधारात खूप वेळ माळावर थांबले असावेत. आत्यानं त्यांना पाहिलं, पाट मांडला, पान वाढलं. ते उभेच.

“बसा, ब्रदर. बायबलातला योनाही असाच रुसून बसला होता, नाश होणार म्हणून सांगितलेलं गाव वाचलं म्हणून. तुमचं तरी बरं, तुम्ही जेवायला आलात.”

“बाई, मी लोकांना फसवलं.”

“तुमची तारीख चुकली. तो यायचा तेव्हा येईल. भात घ्या.”

ते बसले. खाली मान घालून, पोटभर जेवले.

मी राहुरीला सासरी गेले, पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आमोसला घेऊन माहेरी आले. मला ते बघायचंच होतं. प्रभुभोजनाचं ताट पुरुषांच्या बाकांवरून सरकत सरकत दादांपाशी आलं. दादांनी ते दोन्ही हातांनी धरलं. एक तुकडा उचलला, तोंडात घातला. आणि मग ते ताट त्यांना सोडवेच ना. मांडीवर घेऊन, डोळे मिटून, गालांवरून आसवं वाहताहेत, आणि ताट घट्ट धरलेलं. शेजारचा माणूस हात पुढं करून थांबलेला.

शेवटी बायकांच्या बाजूनं आवाज आला, कुजबुजल्यासारखा, पण भिंतीपर्यंत पोचेल असा.

“जखू, घेतलंस ना रे? मग सरकव की पुढं. बाकीच्यांनाही लागतंय ते.”

अख्खं चर्च हसलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं, तोंडात तुकडा तसाच असताना, माझे दादा हसले.